उंड्याचा कौल

बाई कुणाच्याही डोळ्यांत बघून बोलत नसत. प्राचार्यांशी बोलताना त्यांच्या कोपराकडे, कारकुनाशी बोलताना त्याच्या टेबलाच्या पायाकडे आणि माझ्याशी बोलताना माझ्या डाव्या कानाच्या आसपास कुठेतरी नजर ठेवत. नव्या माणसाला वाटे, बाई लाजाळू आहेत. लाज हा पदार्थ त्यांच्या घरात कधी शिजलाच नव्हता. वांदराच्या डोळ्यांत रोखून पाहिलं की ते अंगावर येतं, म्हणून शिकत असतानाच त्यांनी नजर बाजूला ठेवायची सवय लावून घेतली होती. माणसांसाठी वेगळी सवय ठेवायची त्यांना गरज वाटली नाही.

आम्ही दोघी पेडण्यात एका घराच्या पुढच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. म्हापशाच्या कॉलेजात मी मराठी शिकवायची आणि त्या प्राणिशास्त्र. मी कारापूरची, त्या डिचोलीच्या. माझ्याहून बऱ्याच मोठ्या, म्हणून मी त्यांना बाई म्हणायची आणि त्या मला ‘मास्तरणी’. सकाळच्या बसने जायचं, दुपारच्या बसने परत यायचं, असा आमचा नेम. कॉलेज नसेल त्या दिवशी मात्र बाई घरी सापडत नसत, त्या हळर्णाकडे गेलेल्या असत. तिथल्या पडक्या किल्ल्यापलीकडे एक वाडी होती, वाडीच्या वर काजूचा डोंगर आणि मधल्या झाडांवर वांदरांची एक टोळी. काळ्या तोंडाचं आणि लांब शेपटीचं ते वांदर, लाल तोंडाचं ते माकड. हा फरक न कळणाऱ्या माणसाला बाई शिकलेला समजत नसत, मग तो कितीही बुकं शिकलेला असो.

गोव्याचं राज्य व्हायच्या आधीची ती वर्षं होती. आज मोर्चा, उद्या बंद, परवा रस्त्यावर आडवी टाकलेली झाडं. बाईंचा अभ्यास त्यामुळे जोरात चालला होता. बस नसली तर त्या सरळ चालत निघायच्या. आमच्या स्टाफरूमचे तेव्हा दोन तुकडे झाले होते, खिडकीकडची मंडळी कोंकणीची आणि दाराकडची मराठीची. मी अर्थात दाराकडे होते आणि चांगली तावातावाने भांडायची. एकदा दोन्हीकडच्यांनी बाईंना घेरलं, की तुम्ही कुठल्या बाजूच्या ते आज बोलाच. बाईंनी चहाचा कप खाली ठेवला आणि कुणाच्या तरी खिशाकडे बघून म्हणाल्या, ‘‘माझीं माणसां बोलनत नाय. न बोलता भांडाण कसां मिटयतत, तां मी शिकतंय. कळला काय सांगतंय तुमका.’’ त्यावर खिडकी आणि दार दोन्हींनी आपापले कप उचलले.

त्यांना माणसांचे कळप लगेच दिसत. स्टाफरूममध्ये शिरताना मला हळूच विचारायच्या, ‘‘आज प्राचार्यांच्या उवा कोण काढता?’’ आणि खरोखर, त्या दिवशी कुणीतरी प्राचार्यांच्या भाषणाची तारीफ करत बसलेलं असे. लग्नाच्या पंगतीत त्या भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. उघड्यावर खाल्लं की टोळीत भांडणं लागतात, म्हणून डोंगरावर त्या झाडाकडे तोंड करून डबा खायच्या, तेच पंगतीत. साड्या एकाच रंगाच्या, मळकट हिरव्या. वांदरांनी आपल्याला ओळखावं म्हणून हा गणवेश. सख्ख्या भाचीच्या लग्नातही त्याच साडीत उभ्या राहिल्या. त्यांच्या भावजयीने मला बाजूला घेऊन डोळ्यांत पाणी आणून विचारलं होतं की हिला पगार पुरत नाही काय गो.

लग्न त्यांचं झालं नव्हतं, आणि त्याची हकिगत त्या स्वतःच खुशीत सांगायच्या. बघायला आलेली मंडळी ओसरीवर बसली, पोहे झाले, आणि मुलाच्या आईने ऐसपैस जांभई दिली. बाई पोह्यांच्या बशीकडे बघत होत्या, तरी जांभई त्यांनी बरोबर टिपली. मंडळी गेल्यावर वडिलांना म्हणाल्या, ‘‘झील बरो आसा. पण घरात सत्ता आवशीची, आणि ती दात दाखयता.’’ वडिलांनी कपाळावर हात मारला. वांदरांमध्ये जांभई ही झोपेची नसते, समोरच्याला सुळे दाखवण्याची असते, हे त्या बिचाऱ्या माउलीला कुठून ठाऊक असणार?

वांदरांना त्यांनी नावं ठेवली होती ती पावांची. पहिल्या दिवशी ओळख पटवायला बसल्या तेव्हा खालच्या रस्त्याने पाव विकणारा पदेर सायकलचा भोंगा वाजवत चालला होता, तेवढंच निमित्त. मोठा नर होता तो उंडो, कारण तसाच गोल, टणक आणि वरून भाजलेला. लांबट तोंडाची कातरी, रुंद चेहऱ्याची पोय, शेपटीचा वेढा घालून बसणारी काकण. मी एकदा सुचवलं की राधा, रुक्मिणी अशी चांगली नावं ठेवा की. बाई म्हणाल्या, ‘‘माणसाचां नाव दिलां काय माणसाचे दोष दिसूक लागतत. रुक्मिणीन चोरी केली तर तू तिका माफ करशीत? पोय चोरता, तर पोय चोरता.’’ हे मला पटलं नाही, आणि हा त्यांच्याशी बोलण्याचा माझा नेहमीचा अनुभव होता.

वाडीवर त्यांना ‘वांदरांची बाय’ म्हणत. मी सोबत गेले की मी आपोआप ‘वांदरांच्या बायची भैण’ होऊन जायची. मराठीची पदव्युत्तर पदवी घेऊन मी ह्या नात्याला पोचले होते.

टोळीत पोर जन्माला आलं की बाईंच्या अंगात यायचं. कोळशासारखं काळं, गुलाबी कानांचं ते पोर आईकडून मावशीकडे, मावशीकडून आत्याकडे असं हातोहात फिरे. ज्यांना अजून मूल झालेलं नाही त्या तरण्या माद्या ते उलटं धरत, शेपटीला ओढत, आणि पोराने टाहो फोडला की आई येऊन हिसकावून घेई. बाई सांगायच्या की पोर धरायला ह्या माद्या अशाच शिकतात. मी बघत बसले की मला हसूही यायचं आणि उठून ते पोर सोडवावंसंही वाटायचं. बाईंचा नियम एकच होता, बघायचं, पण हात लावायचा नाही. पोर फांदीवरून पडलं तरी उठायचं नाही. मला हा नियम निर्दय वाटायचा, आणि तसं मी बोलूनही दाखवायची.

तर ह्या बाईंना एका वर्षी घाटावरच्या एका लहानशा प्राणिसंग्रहालयाने बोलावलं. तिथे वांदरांची एक जोडी होती आणि तिला काही केल्या पिलं होत नव्हती. तिथल्या साहेबांनी खुराक बदलला, अंजीर आणि भिजवलेले चणे सुरू केले. मग कुणीतरी सुचवलं, लोक सारखे बघतात म्हणून संकोचत असतील. तेव्हा पिंजऱ्याला एका बाजूने तट्ट्या लावून नवराबायकोला आडोसा केला. तरी काही नाही. बाई गेल्या, पिंजऱ्यासमोर थोडा वेळ शांत बसल्या, आणि उठून साहेबांच्या शर्टाच्या बटणाला उद्देशून म्हणाल्या, ‘‘ही जोडी नव्हे. ह्या दोघी जावा आहेत.’’

थोराड मादीला सगळ्यांनी नर समजून चालवलं होतं. घरी येऊन बाईंनी ही गोष्ट सांगितली तेव्हा मी पोट धरून हसले, तट्ट्यांच्या आडोशावर तर जास्तच. बाईही हसल्या. आम्हाला काय माहीत, त्या हसण्याची किंमत कुठे वसूल व्हायची होती.

कारण साहेबांना आता नर हवा झाला. आणि त्याच सुमाराला वाडीवरच्या बाबलने वनखात्याकडे अर्ज केला होता की मोठ्या वांदराने जीव नकोसा केलाय, त्याला पकडून न्या. बाबलचं वाडीत चहाचं दुकान होतं. जुने नळे काढून त्याने घरावर नुकतीच मंगळुरी कौलं घातली होती, आणि उंड्याला ती फार आवडली. पहाटे काजूच्या झाडावरून धाडकन छपरावर उडी, तिथून केळीत, केळीतून परत छपरावर. घरात बाबलची सून पोटुशी, वरून कौलाचा तुकडा खाली पडला तो तिच्या अगदी जवळ. बाबलचं चुकत होतं असं मी आजही म्हणणार नाही. वाडीने वर दयाळूपणाच दाखवला. सगळी टोळी नका नेऊ, मारुतीची सेना आहे, फक्त तो एक मोठा न्या, बायका-पोरं राहू देत, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. इकडे नर नको होता, तिकडे हवा होता. उंड्याला न्यायला साहेबांची गाडी यायचं ठरून गेलं.

बाईंना हे कळलं तेव्हा त्या खोलीच्या दारात चप्पल अर्धी पायात, अर्धी बाहेर अशा उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, ‘‘मास्तरणी, ह्यो एकटो नाय जावचो. ह्या वर्साचीं सगळीं पोरां मरतलीं.’’

मला वाटलं, बाई नेहमीसारखं काहीतरी तिरकस बोलतायत. पण त्यांचा आवाज कोरडा पडला होता. काजूच्या डोंगरापलीकडे सड्या, म्हणजे बिनमाद्यांच्या नरांचं एक टोळकं फिरत होतं. उंडो आहे तोवर ते लांब होते. तो गेला की त्यातला एक येऊन टोळी ताब्यात घेणार. अंगावर पिणारं पोर असलेली आई नव्या नराला जवळ करत नाही, आणि त्याला थांबायला वेळ नसतो. म्हणून तो पहिल्याची पिणारी पोरं मारतो. बाईंनी हे घाटापलीकडे शिकत असताना डोळ्यांनी पाहिलं होतं. मेलेलं पोर छातीशी धरून फिरणारी आई पाहिली होती. मला त्यांनी ते अगदी सपाट आवाजात सांगितलं आणि त्या रात्री आम्ही दोघी नीट जेवलो नाही.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्या घाटावर गेल्या. साहेब म्हणाले, ‘‘बाई, तुम्हीच तर सांगितलंत नर नाही म्हणून. आणि आम्ही थोडेच ओढून नेतोय, गावानेच मागणी केलीय. गाव नको म्हणू दे, आम्ही येणार नाही.’’ म्हणजे सगळं वाडीवर येऊन थांबलं.

मग बाई दारोदार फिरल्या. ज्या बाईने शेजारणीकडे कधी साखर मागितली नव्हती, ती प्रत्येक ओसरीवर जाऊन बसली आणि उंबरठ्याकडे, केरसुणीकडे, पाटा-वरवंट्याकडे बघत तीच गोष्ट सांगत राहिली. कुणी विश्वास ठेवला नाही. उलट राग आला. वाडीचे गावकर आबा, म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान असलेले वयस्क गृहस्थ, त्यांनी तर सुनावलंच, ‘‘बाय, मारुतीचो वंश तो. बाळाक मारतलो? असां तोंडातसून काढू नको.’’ बाबलने दुकानाच्या फळीवरून ओरडून सांगितलं, ‘‘तुका तुज्या अभ्यासाचां पडलां, माका माज्या घराचां!’’ बाई म्हणाल्या, होय, मला अभ्यासाचंही पडलंय, पण ती पोरं त्याआधी आहेत. उतरत्या उन्हात आम्ही परत चालत यायचो. मी म्हटलं, बाई, तुमचा नियम काय झाला, बघायचं, हात लावायचा नाही? त्या म्हणाल्या, ‘‘हात वांदराक लावचो नाय म्हटलां होतां. माणसाक लावच्याक काय जाता?’’

शेवटी आबांनी ठरवलं की वाद नको, देवाला कौल लावू. आता हा शब्द आमच्याकडे किती कामं करतो बघा. घरावर कौल, देवळात कौल, आणि एकदा अख्ख्या गोव्याने मतपेटीत दिला तोही कौलच. वर्गात मी ह्यावर अर्धा तास सहज बोलायची. त्या दिवशी मात्र मला हा शब्द ऐकून धडकी भरली. घरावरच्या कौलांचा निकाल देवळातला कौल करणार होता. बाईंना वाटलं होतं तसं समजावणं, पुरावा, ह्याला आता जागाच राहिली नव्हती.

रविवारी सकाळी देऊळ भरलं. पुरुष पुढे, बायका एका अंगाला, आणि बायकांच्या मागे खांबाला टेकून आम्ही दोघी. बाई त्या देवळाच्या पायऱ्या पहिल्यांदाच चढल्या होत्या, आणि त्यांनी हात जोडले नाहीत हे सगळ्यांनी पाहिलं. पुजाऱ्याने देवाला न्हाऊ घातलं आणि दोन ओल्या पाकळ्या देवाच्या अंगाला चिकटवल्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. उजवी आधी पडली तर वांदर न्यावा, डावी पडली तर ठेवावा. आबांनी गाऱ्हाणं सुरू केलं, ‘‘बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे येऊन उभी रवलीं आसत...’’ आणि प्रत्येक वाक्याला पुरुषांनी एका सुरात ‘‘होय म्हाराजा!’’ म्हटलं. मग सगळे पाकळ्यांकडे बघत बसले.

पाकळी पडेना. ओली पाकळी कधी लगेच पडते, कधी तासभर हलत नाही, आणि ती पडेपर्यंत उठून जायचं नसतं. लोक चुळबुळायला लागले. कुणाचं तरी मूल रडलं. आणि ह्या गप्प देवळात बाई बोलायला लागल्या.

पुजारी दचकून म्हणाला, ‘‘बाय, कौल लागलेलो आसा, बोलाचां नसता!’’

आबा डोळे मिटून बसले होते. ते म्हणाले, ‘‘देव गप आसा. तवसर तिका बोलांदी.’’

बाई उभ्या राहिल्या. समोर बाबल बसला होता, त्याच्या कोपराला उद्देशून त्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. ह्या वेळी त्यांनी नर, मादी, टोळी असले शब्द वापरले नाहीत. पोयचं पोर नुकतंच बसायला लागलंय म्हणाल्या. काकणीचं पहिलंच आहे, तिला अजून धरता येत नाही, कातरी तिला धरून दाखवते, म्हणाल्या. उंडो केळी खातो, कौलं फोडतो, चोर आहे, दांडगा आहे, पण तो झाडावर बसलेला आहे म्हणून ही पोरं रात्री झोपतात. तो गेला की दुसरा येईल आणि एकेका पोराला आईच्या अंगावरून ओढून काढील. मी बघितलंय. परत बघायचं माझ्यात बळ नाही. हे शेवटचं वाक्य बाईंच्या तोंडून ऐकून मला रडू फुटलं, ते मी पदराने दाबलं.

बायकांच्या रांगेत बाबलची म्हातारी आई बसली होती. तिने न वळताच विचारलं, ‘‘आणि ती आवय काय करता तेवां?’’

‘‘भांडता,’’ बाई म्हणाल्या. ‘‘सगळ्यो मिळान भांडतत. पण तो मोठो. शेवटाक हरतत.’’

‘‘मगे?’’

बाई खांबाकडे बघून म्हणाल्या, ‘‘मगे थोड्या दिवसांनी त्याच्याच बाजूक जावन बसता.’’

देवळात कुणीतरी ‘शी’ म्हटलं. म्हातारी मात्र तशीच पाकळ्यांकडे बघत होती. ती म्हणाली, ‘‘बसतली नाय तर खंय जातली?’’

त्या एका वाक्यानंतर बायकांच्या रांगेत काय झालं हे मला नीट सांगता यायचं नाही. बाबलच्या सुनेने पोटावरचा पदर घट्ट ओढून घेतला. म्हातारीने गुडघ्यावर हात ठेवून स्वतःला उभं केलं आणि पुरुषांच्या डोक्यांवरून म्हणाली, ‘‘आबा, ह्यो प्रश्न पाठी घे.’’

बाबल ताडकन वळला. ‘‘आवय! आमचीं कौलां?’’

‘‘कौलां परत घालूक येतत,’’ म्हातारी म्हणाली. ‘‘तू बस खाली.’’

आता खरी पंचाईत झाली. लावलेला कौल मागे घेता येतो का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पुजारी म्हणाला, असं कधी झालेलं नाही. पुढचे दोघे-तिघे म्हणाले, देवाची थट्टा होईल. मग आबा उठले, देवासमोर हात जोडले आणि नवीन गाऱ्हाणं घातलं, ‘‘बा देवा म्हाराजा, आमी तुका प्रश्न घातलो तो अर्धो घातलो. आमकां पुरां ठावक नव्हतां. लेकरां चुकलीं. तो प्रश्न आमी पाठी घेतंव, तो तू पोटात घाल...’’

आणि आबा ‘होय म्हाराजा’साठी थांबले. पुरुष गप्प. एकमेकांकडे बघताहेत, बाबलकडे बघताहेत. आमच्याकडे हे उत्तर द्यायची रीत पुरुषांची, बायका त्या वेळी नुसत्या हात जोडतात. पण म्हातारी मोठ्याने म्हणाली, ‘‘होय म्हाराजा!’’ आणि तिच्या पाठोपाठ सगळी बायकांची रांग म्हणाली. मीही ओरडले. मग पुढून एकेक करत पुरुषांचा आवाज त्यात मिसळला.

तो आवाज विरतो न विरतो, तोच पाकळी पडली. उजवी.

उजवी म्हणजे न्यावा. बाबल उभा राहून बोट दाखवत म्हणाला, ‘‘पडली! उजवी पडली! सगळ्यांनी बघल्यानी!’’ खरंच सगळ्यांनी बघितलं होतं. म्हातारीचं तोंड उतरलं. प्रश्न मागे घेतला हे खरं, पण देवाने उत्तर दिलं हेही खरं, आणि गाव कशाचं ऐकणार हे उघड होतं. मला वाटलं, झालं, संपलं.

‘‘ती माझी पाकळी,’’ बाई म्हणाल्या.

सगळे वळले.

‘‘तुमी प्रश्न पाठी घेतलास. मगे मी घातलंय. मनात.’’

आबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. ‘‘तू? तू तर हातपण जोडूक नाय.’’

‘‘आतां जोडलंय,’’ बाई म्हणाल्या, आणि त्यांचे हात खरोखरच जोडलेले होते. कधी जोडले ते मी शेजारी असून मला कळलं नाही.

‘‘काय विचारलंस?’’

‘‘हीं पोरां जगतलीं काय म्हणान.’’

आबा वळले. देवाच्या पायाशी पडलेली पाकळी त्यांनी स्वतःच्या हाताने उचलली, पुरुषांच्या रांगा ओलांडून बायकांच्या मागे आले आणि बाईंच्या ओंजळीत घातली. ‘‘उजवी म्हणजे होय. घे,’’ ते म्हणाले, ‘‘तुजो प्रसाद.’’ तेव्हा बाबलही खाली बसला.

गाडी आली नाही. त्या वर्षीची सगळी पोरं काळ्याची राखाडी झाली आणि आयांच्या अंगावरून उतरून फांद्यांवर धिंगाणा घालू लागली. उंडो बाबलच्या छपरावर येतच राहिला. त्यावर बाईंनी तोडगा काढला, दर पावसाआधी आपल्या वर्गाची पोरं घेऊन जायच्या आणि फुटलेली कौलं बदलून द्यायच्या. स्वतः शिडीवर चढायच्या, त्याच हिरव्या साडीचा काचा मारून. बाबल खाली उभा राहून शिव्या घालायचा आणि चहाही पाजायचा. पुढे राज्य झालं, मिरवणुका निघाल्या, माझी बदली झाली, बाईंचा सहवास सुटला. पण त्या रविवारचं परत येणं मला अजून लख्ख आठवतं.

आम्ही रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभ्या होतो. बाईंच्या मुठीत पाकळी होती. मी आनंदाने बडबडत होते, देवाने कसं बरोबर उत्तर दिलं, वेळ कशी बरोबर जुळली. बाई रस्त्याकडे बघत होत्या.

‘‘मास्तरणी,’’ त्या म्हणाल्या, ‘‘मी काय्येक विचारूक नव्हतंय.’’

मला क्षणभर अर्थच लागला नाही.

‘‘पाकळी पडली तां बघलंय, आणि तोंडातसून भायर पडलां. खोटां बोललंय. देवळात उभी रवान, सगळ्या गावासमोर खोटां बोललंय.’’

जी बाई साहेबांच्या तोंडावर जोडी नव्हे म्हणाली, न बघितलेली गोष्ट जिने कधी बघितली म्हटली नाही, ती हे बोलत होती. मी गोंधळून म्हटलं, ‘‘बाई, जाऊ दे. चांगल्यासाठीच ना.’’

‘‘चांगल्यासाठी काय आणि कित्यासाठी काय, खोटां तां खोटां,’’ त्या म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि जबडा घट्ट आवळलेला होता. ‘‘पण ऐक. परत कोणी कौल लावलो, आणि परत उजवी पडली, तर मी परत बोलतलंय.’’